ती रोज कार्ड मागते

टिमारूत रविवारी बस नसते.
हे कुणी सांगितलं नव्हतं,
व्हिसाच्या चौदा पानांतही नव्हतं.
वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून
जूनच्या कडाक्याच्या थंडीत पाच किलोमीटर चालत आले
आणि बूटही न काढता ठरवलं:
गाडी.

पहिली लाल. विकणारा पोरगा एकोणीस-वीसचा,
बोलताना माझ्याकडे नाही, टायरकडे बघत होता.
आत ओल्या कुत्र्याचा वास
आणि त्यावर घाईघाईने मारलेला लिंबाचा फवारा.
"चल," रोवेना म्हणाली.
रोवेना सेबूची, माझ्याआधी सहा वर्षं आलेली.
तिला गाड्यांतलं कळतं असं नाही,
माणसं कधी घाई करतात ते कळतं.

दुसरी चंदेरी, यार्डातली.
दोरीवरचे झेंडे फडफडत होते, त्यांच्याच तालात
सेल्समन आठवड्याचा हप्ता सांगत होता.
मी मनात गुणाकार केला,
मग रुपयांत केला.
रुपयांत करू नये म्हणतात सगळे.
मी केला, आणि पाय आपोआप मागे आले.

तिसरी टेमुकात, नोएलीन हार्टच्या अंगणात.
पांढरी म्हणावी तर पांढरी नाही,
सायीच्या रंगाची.
"डोळे गेले," नोएलीन म्हणाली, "बाकी सगळी आहे मी.
चौऱ्याऐंशी."
रोवेनाने टायरच्या खाचेत नाणं घालून बघितलं.
मी तेलाची कांडी काढली, रुमालावर पुसली,
पुन्हा बुडवून उजेडात धरली,
पेशंटची लघवी तपासावी इतक्या गंभीर चेहऱ्याने.
कळलं काहीच नाही.

"डावीकडे ओढते," नोएलीन आपणहून म्हणाली.
"मागचं दार आपटावं लागतं.
चटईखाली गंज आहे. उचल, बघ."
उचलली. होता.
येताना वाटभर पाठ केलेलं वाक्य,
आणखी थोडे कमी होतील का,
तिथेच घशात विरघळलं.
जिने स्वतःच गंज दाखवला
तिच्याशी घासाघीस कशावर करायची?

"आणि ही एक," तिने किल्ली फिरवली.
डॅशबोर्डमधून एक बाई बोलली,
जपानीत, मऊ आवाजात,
एक अख्खं वाक्य. मग गप्प.
"अकरा वर्षं मी तिला 'हो गं' म्हणतेय.
काय सांगते देव जाणे. पण न चुकता सांगते."
छोट्या पडद्यावर नकाशा उजळला:
आम्ही चौघी गाडीसकट निळ्या पाण्यात,
जमिनीचा कुठे पत्ता नाही.

चार हजार दोनशे.
नोटा तिने रोवेनाला मोजायला लावल्या.
बॉनेटवर हात ठेवला, बराच वेळ,
जणू ताप बघतेय.
"थंडीत उशिरा उठते," म्हणाली, "रागावू नकोस."
आणि परत घरात गेली,
भिंतीला हात लावत लावत.

पुढे कधीतरी आमच्या आचाऱ्याच्या सुनेला,
चिहारूला, घरी सोडायला गेले.
गाडी बोलली तशी ती खुदकन हसली.
"पथकराचं कार्ड घातलेलं नाही, म्हणते."
एवढंच?
"एवढंच."

तो पूल इथे नाही, तो नाका नाही,
कार्ड कुणाच्या खिशात राहिलं कोण जाणे.
तरी रोज रात्री साडेदहाला,
काचेवरचं दव खरवडून मी बसले की
ती ते मागते, त्याच अदबीने.

मी म्हणते, हो गं.
दिवसभरात मोठ्याने बोललेलं
बहुतेक वेळा तेवढंच मराठी.
मग मागचं दार पुन्हा एकदा आपटून येते
आणि स्टिअरिंग
किंचित उजवीकडे धरून निघते.